घराशेजारच्या बोळात काय लावावे?

घर बांधताना आपण खोल्यांचा विचार बारकाईने करतो. घराची भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये उरणारा चार फुटांचा बोळ मात्र कोणाच्याच हिशेबात नसतो. तिथे मोडक्या बादल्या आणि उरलेल्या लाद्या जमतात. आमच्याकडेही तेच झाले होते. अम्मींच्या खोलीची खिडकी त्याच बोळात उघडते. गुडघ्यांमुळे त्यांचे बाहेर जाणे थांबले, तेव्हा त्यांना दिवसभर ती अडगळच दिसते, हे आमच्या लक्षात आले.

अडगळ काढून आम्ही हौसेने मेंदी आणि मोगरा लावला. दोन्ही फसले. मेंदी उन्हाच्या शोधात किडकिडीत वाढली, मोगऱ्याला नुसती पानेच आली. दोष रोपांचा नव्हता. दोघांनाही भरपूर ऊन लागते आणि आमच्या बोळात सकाळचे जेमतेम तीन तास ऊन येते. रोपवाटिकेत जाण्याआधी चार दिवस ऊन कुठे, किती वेळ पडते ते पाहावे, हे आम्ही असे शिकलो.

अशा अर्धसावलीत कुंती चांगली रुजते. पांढरी, सुवासिक फुले येतात आणि छाटणी सोसत असल्याने ती चार-पाच फुटांवर राखता येते. खिडकीला आडोसाही मिळतो. तिच्या पुढ्यात बुटकी अबोली लावावी. अडुळसाही सावली सोसतो, पण पसरतो. तो बोळाच्या टोकाला बरा. अनंत कुंडीतच लावावा, कारण पायाजवळच्या मातीत चुना-सिमेंट असते आणि त्यात त्याची पाने पिवळी पडतात. कण्हेर मात्र नको. ती विषारी आहे; घरात लहान मुले असतात, बकरी ईदच्या आधी बकरेही दारात बांधलेले असतात.

खड्डा दीड फूट खोल खणून आतले डबर काढावे, चांगली माती आणि शेणखत भरावे. वळचणीच्या धारेखाली रोप लावू नये. चालायला दोन फूट वाट मोकळी ठेवावी. वुजूचे पाणी साबणाचे नसते. ते बादलीत धरून झाडांना घालता येते.

रोप लावण्यापूर्वी शेजाऱ्यांना जरूर विचारावे. फांदी त्यांच्या अंगणात गेली, पाणी त्यांच्या भिंतीत मुरले, तर आपल्या हौसेचा त्रास त्यांना होतो. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल प्रेषित मुहम्मद (स.) यांनी किती ताकीद दिली आहे, हे आपण जाणतोच. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे माणसाने, पाखराने वा जनावराने खाल्ले तरी तो त्याचा सदका ठरतो, हीही त्यांचीच शिकवण.

आमची कुंती आता कुंपणाच्या उंचीची झाली आहे. तिच्या लाल फळांवर बुलबुल येतात. असरनंतर अम्मी खिडकी उघडून बसतात आणि आज किती आले, ते आम्हाला सांगतात.