सांभाळणाऱ्या घराला कोण सांभाळणार?

उज्जैनला मंगळनाथच्या रस्त्यावर सांदीपनी आश्रम आहे. तिथल्या गोमती कुंडाच्या परिसराला अंकपात म्हणतात. कृष्ण-बलराम पाटीवरचे अंक इथे धूत असत, अशी श्रद्धा आहे. येणारे-जाणारे पाटीची गोष्ट ऐकतात आणि पुढच्या दर्शनाला निघतात. गुरुदक्षिणेची गोष्ट मागेच राहते. प्रभासच्या समुद्रात गमावलेला मुलगा परत मिळावा, एवढीच सांदीपनींच्या घरची मागणी होती आणि कृष्णाने ती पुरी केली. जन्मल्या रात्रीच आईपासून तुटलेल्या, नंद-यशोदेच्या घरी वाढलेल्या मुलाने दुसऱ्या आईला तिचं लेकरू आणून दिलं.

पुराणातली ही गोष्ट इतिहासातही घडली आहे. जोतीराव फुले वर्षाचे व्हायच्या आतच त्यांच्या आई चिमणाबाई वारल्या. त्यांना वाढवलं ते नात्यातल्या बालविधवा बहिणीने, सगुणाबाई क्षीरसागर यांनी. सगुणाबाई एका मिशनऱ्याच्या घरी मुलं सांभाळायचं काम करत. जोतीरावांच्या शिक्षणाची ओढ या बाईंनी जिवंत ठेवली, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे १८६३ मध्ये पुण्यात काशीबाई नावाच्या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हा जोतीराव आणि सावित्रीबाईंनी राहत्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. तिथली बाळंतपणं सावित्रीबाई करत. १८८४ मध्ये सरकारला पाठवलेल्या टिपणात जोतीरावांनी तोवर आलेल्या विधवांचा आकडा ३५ दिला आहे. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. त्याचं नाव यशवंत.

जोतीरावांनी मृत्युपत्र करून यशवंतला वारस केलं होतं. तरीही १८९० च्या नोव्हेंबरात जोतीराव गेले तेव्हा टिटवं कोणी धरायचं यावरून भाऊबंद आडवे आले. शेवटी सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हाती घेतलं आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. दुसऱ्याचं मूल वाढवणाऱ्या घराला नात्यागोत्याचा केवढा ताप सोसावा लागतो, हे त्या एका प्रसंगातून दिसतं. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये तो आणि सावित्रीबाई रुग्णसेवेत होते. त्याच साथीत सावित्रीबाई गेल्या.

पुढे अनाथ पोरांची माय झालेल्या सिंधुताई सपकाळांचं बालपण तर कोणाच्याच हातांनी सावरलं नाही. वर्धा जिल्ह्यातल्या पिंपरी मेघे गावी १९४८ मध्ये जन्मलेल्या या नकोशा मुलीला घरातच ‘चिंधी’ म्हणत. शाळा चौथीपर्यंत, मग कोवळ्या वयात लग्न. पुढे गरोदर असताना नवऱ्याने घराबाहेर काढलं, गोठ्यात बाळंतपण झालं आणि माहेरानेही दार लावलं. रेल्वे स्टेशनांवर गाणी म्हणून मिळेल ते त्या तिथल्याच पोरांबरोबर वाटून खात. माझी नजर मात्र त्यांच्या एका निर्णयावर अडते. आपल्या पोटच्या लेकीला, ममताला, त्यांनी पुण्यात दगडूशेठ हलवाई ट्रस्टकडे सोपवलं. गोळा केलेल्या पोरांत आपलं-परकं होऊ नये म्हणून. हा निर्णय घेताना त्या माउलीने काय सोसलं असेल, याचा अंदाज करणंही कठीण आहे.

सिंधुताईंनी मोठ्या संस्था उभ्या केल्या, कारण घरोघरी दारं बंद होती. पण मुलाला मुळात घर हवं असतं. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाचं कलम ४४ हेच सांगतं. बालकल्याण समिती मुलाला पालक-कुटुंबात, म्हणजे काही काळ सांभाळणाऱ्या दुसऱ्या घरी, ठेवू शकते. भावंडं शक्यतो एकत्र राहावीत, समितीने त्या घराची दर महिन्याला पाहणी करावी, खर्चासाठी सरकारने मदत द्यावी, जन्मदात्यांना मुलाला भेटता यावं आणि त्यांची परिस्थिती सुधारली तर मूल त्यांच्याकडे परतावं, अशी ही रचना आहे. दत्तकापेक्षा ही वाट वेगळी आणि, मला वाटतं, जास्त अवघड. जीव लावायचा, आणि वेळ आली की देवकीकडे पाठवायचं. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तीलाही ही संधी दिली. मात्र एकट्या पुरुषाकडे मुलगी सोपवली जात नाही. मुलाला दत्तक घेता येत असेल, तर दोन वर्षांच्या सांभाळानंतर तोही मार्ग आहे.

प्रत्यक्षात आपल्याकडची बहुतेक बिनआईबापाची पोरं आजी, मावशी, काकांकडेच वाढतात. त्यांच्यासाठी मध्य प्रदेशात २०२२ पासून मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजना आहे. तीत नातेवाइकांकडे राहणाऱ्या अनाथ मुलाला महिन्याला ४,००० रुपये मिळतात. महाराष्ट्रातल्या बालसंगोपन योजनेला आता सावित्रीबाईंचंच नाव आहे आणि तिथे रक्कम २,२५० रुपये आहे. पैसे मोलाचे आहेतच. पण सत्तरीच्या आजीने मृत्यूचे दाखले, मध्य प्रदेशचा समग्र आयडी, बँकेचं पासबुक घेऊन किती खेटे घालायचे? रात्री झोपेत ओरडून उठणाऱ्या नातवाला कसं समजवायचं, हे तिला कोण सांगणार? ज्यांनी लहानपणी हे भोगलं, त्यांनीच अशा घरांशी नातं जोडावं, असं मला मनापासून वाटतं. संस्थेतून किंवा मामाच्या घरून वाढून आज नोकरीला लागलेला तरुण त्या पोराचं गप्प बसणं लगेच ओळखतो. आजीबरोबर कचेरीत जायला आणि पोराच्या शाळेत पालक म्हणून उभं राहायला असा माणूस हवा.

उज्जैनपुरतं बोलायचं तर हे काम आत्ताच हाती घ्यायला हवं. २०२८ मध्ये सिंहस्थ आहे. गर्दीत हरवलेली बहुतेक मुलं काही तासांत घरच्यांना सापडतात. पण ज्यांना शोधत कोणीच येत नाही, त्यांना बालगृहाखेरीज दुसरी जागा आज तरी सुचत नाही. महिला व बालविकास विभागाने आधीच पाहणी करून, प्रशिक्षण देऊन तयार ठेवलेली पाचपन्नास घरं शहरात असावीत. रामघाटापासून फ्रीगंजपर्यंत अशी घरं मिळणार नाहीत, असं मला वाटत नाही. विचारायला कोणी दाराशी जायला हवं.