दाशी कशाची?

2024 ची कार्तिकी वारी करून आई पंढरपूरहून फलटणला परतली आणि आठवडाभरातच आमच्याकडे टोकियोला यायला विमानात बसली. तीन महिन्यांचा व्हिसा, दोन बॅगा. बॅगांत भाजणी, गोडा मसाला, दाण्याचं कूट, हुलग्याचं पीठ, आणि विमानतळावर कुणी विचारलं तर काय सांगायचं याची भीती. कुणी विचारलं नाही.

आई माळकरी. माझा जन्म व्हायच्या आधी तिनं तुळशीची माळ घातली, तेव्हापासून मांस-मासे तर सोडाच, अंड्याचा केकसुद्धा तिच्या तोंडात गेलेला नाही. मी मात्र पुण्यात हॉस्टेलला गेल्यापासून सगळं खातो. तिला ते माहीत आहे. आमच्यात एक न बोललेला करार आहे: ती विचारत नाही, मी फलटणच्या घरात खात नाही. ती यायच्या आधी बायकोनं आणि मी फ्रीज धुतला, नवीन कढई आणि दोन पातेली आणली, अंडी आणि मासे तीन महिने बंद केले. मला वाटलं, झाली तयारी.

आम्ही निशी-कासाईला राहतो. टोकियोच्या पूर्वेकडचा हा भाग आयटीतल्या भारतीयांचा म्हणून ओळखला जातो. कोथिंबीर, कडीपत्ता, तूरडाळ, सगळं चालत जाऊन मिळतं. त्यामुळे पहिला आठवडा आमटी-भातात छान गेला. मग आईला सर्दी झाली. संध्याकाळी तिला काहीतरी गरम, पातळ हवं होतं. मी पाणी उकळलं, त्यात तोफूचे तुकडे आणि वाकामे हे समुद्री शेवाळ टाकलं, गॅस बंद करून चमचाभर मिसो विरघळवला. मिसो म्हणजे सोयाबीन आणि तांदूळ किंवा जव आंबवून केलेला खारट गोळा. सगळं शाकाहारी. वाटीत दिलं.

आईनं फुंकर मारत घोट घेतला. "अरे, हे तर आपल्या हुलग्याच्या कढणासारखं लागतंय. बरं वाटलं घशाला."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सहा वर्षं इथं राहिल्यावर पहिल्यांदा इथलं काहीतरी आईच्या पोटात गेलं होतं. मग रोज संध्याकाळी ती स्वतःच म्हणायला लागली, "तुझं ते मिसो कर." नऊ दिवस.

दहाव्या दिवशी समोरच्या दारातल्या आजी संत्री घेऊन आल्या. माझी मुलगी त्यांना ओबाचान म्हणते, म्हणून आम्हीही. आई काय खात नाही हे बायकोनं त्यांना आधीच सांगून ठेवलेलं, त्यामुळे त्या फक्त फळं आणायच्या. आईच्या हातातली वाटी बघून त्या हसल्या, मग थोड्या थबकल्या, आणि अगदी हळू मला विचारलं, "ओदाशी वा दाइजोबु देस्का?" दाशी चालते ना त्यांना?

मिसोच्या डब्यावर 'दाशी-इरी' असं ठळक लिहिलं होतं. दाशी आधीच घातलेली, म्हणजे वेगळी करायची कटकट नाही, म्हणून तर मी तोच डबा घ्यायचो. मला ते वाचता येत होतं. दाशी कशाची, हा प्रश्न मात्र मला सहा वर्षांत पडला नव्हता, कारण मला काहीही चालतं.

दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं पाणी म्हणा ना. आपल्याकडे फोडणीशिवाय भाजी नाही, तसा त्यांच्याकडे दाशीशिवाय रस्सा नाही. आणि नेहमीची दाशी दोन गोष्टींची होते: कोम्बू हे जाड समुद्री शेवाळ, आणि कात्सुओबुशी. कात्सुओ हा ट्यूनाच्या कुळातला मासा. तो उकडून, धूर देऊन, वाळवून लाकडासारखा कडक करतात आणि रंध्यासारख्या पात्यावर घासून त्याचे कागदासारखे पापुद्रे काढतात. पाण्यात मिनिटभर ठेवून गाळून टाकतात. मासा दिसत नाही, वासही आपल्या ओळखीचा नाही. म्हणून तर भाजी, तोफू, नूडल्स असं निर्मळ दिसणारं ताट शाकाहारी असेलच असं नाही.

ओबाचान गेल्या. मी डबा कपाटाच्या मागे सरकवला. आईनं संध्याकाळी मिसो मागितलं तेव्हा "संपलं" म्हणालो.

बायको म्हणाली, सांगून टाक. मी म्हटलं, कशाला? तिला कळणार नाही, त्रास तेवढा होईल. त्या रात्री मी कपाटातली प्रत्येक वस्तू काढून मोबाईल लावून वाचली. नूडल्सवर घालायच्या तयार सॉसमध्ये कात्सुओ. मुलीच्या आवडत्या करीच्या वड्यांत गाईची आणि डुकराची चरबी. तांदळाच्या खाऱ्या बिस्किटांत, तिथंही कात्सुओचा अर्क. आईला मी यातलं बिस्किट दिलं नव्हतं ना? आठवेना. मासा, गाय, डुक्कर या तीन शब्दांची चित्राक्षरं मी त्या रात्री जितकी नीट पाठ केली तितकी कुठल्या परीक्षेला केली नसतील.

चार दिवस गेले. मग दशमी आली. दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातली एकादशी. आई देवापुढं बसून उद्याच्या उपवासाची तयारी करत होती, साबुदाणा भिजत घातला होता, आणि मला ते बघवेना. सांगितलं.

ती बराच वेळ बोलली नाही. माळेला हात लावून बसली. मग म्हणाली, "नऊ दिवस तुलाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. ते पांडुरंग बघून घेईल. पण हे चार दिवस तुला माहीत होतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

एकादशीला ती नुसत्या पाण्यावर राहिली. साबुदाणा तसाच राहिला. द्वादशीला तिनं पातेली स्वतः घासली, राखेची सवय असलेल्या बाईनं तारेच्या घासणीनं अर्धा तास, आणि स्वतःपुरता वरण-भात स्वतः लावला. मी मध्ये गेलो नाही.

ओबाचानना हे कसं कळलं ते मला माहीत नाही, बहुधा मुलीकडून. त्या तिसऱ्या दिवशी दारात उभ्या राहिल्या, कमरेतून इतक्या खाली वाकल्या की मलाच लाज वाटली. चूक माझी, आणि माफी त्या मागत होत्या. हातात कागदी पिशवी. त्यात होक्काइदोच्या कोम्बूच्या काळ्या पट्ट्या आणि वाळलेले शिइताके, म्हणजे अळंबी. त्यांनी मला भाषांतर करायला लावलं: आमच्या देवळांत भिक्षू मासा खात नाहीत, त्यांचीही दाशी असते. ती मी तुमच्या आईंना दाखवू का?

या स्वयंपाकाला शोजिन र्‍योरी म्हणतात. बौद्ध मठांतला स्वयंपाक. मांस-मासा नाहीच, कांदा-लसणासारखे उग्र जिन्नसही नाहीत. झेन गुरू दोगेन यांनी 1237 मध्ये मठाच्या स्वयंपाक्यासाठी 'तेन्झो क्योकुन' नावाचं आख्खं पुस्तक लिहून ठेवलं आहे. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "म्हणजे यांच्यातही माळकरी आहेत."

तुम्हाला करायची असेल तर ती दाशी अशी. एक लिटर पाणी, दहा ग्रॅम कोम्बू, तीन-चार वाळलेले शिइताके. कोम्बूवर पांढरी भुकटी दिसते ती बुरशी नव्हे, ती धुवायची नाही, चवीतला काही भाग तिच्यात असतो. ओल्या फडक्यानं धूळ तेवढी टिपायची. सगळं रात्रभर फ्रीजमध्ये भिजत ठेवायचं. सकाळी मंद गॅसवर चढवायचं आणि पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसले की कोम्बू काढून घ्यायचा. उकळला की पाणी बुळबुळीत आणि कडवट होतं. शिइताके अजून थोडा वेळ राहू द्यायचे, मग गाळायचं. एवढंच. 1908 मध्ये टोकियोच्याच विद्यापीठातले किकुनाए इकेदा यांनी कोम्बूच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिलं. शिइताकेत दुसरं एक द्रव्य असतं, ते ग्लुटामेटबरोबर आलं की चव कितीतरी पटींनी वाढते. म्हणून माशाविनाही ही दाशी पांचट लागत नाही. मिसो आणायचा तो दाशी न घातलेला, डबा फिरवून घटक वाचून. आणि तो घातल्यावर उकळायचं नाही, सुगंध जातो.

उरलेला कोम्बू आणि शिइताके टाकायला ओबाचान तयार नव्हत्या. बारीक चिरून सोया सॉस आणि साखरेत आटवले, भाताशी तोंडी लावायला. आईला हे फार पटलं. भोपळ्याच्या सालीची चटणी करणारी बाई आहे ती.

मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी ओबाचान यायला लागल्या. मी त्या दोन दिवशी घरून काम करतो, त्यामुळे दुभाषा मीच. पण तिसऱ्या वेळेपासून माझी फारशी गरज उरली नाही. पालक उकडून, गार पाण्यात घालून, पिळून, भाजलेल्या तिळाच्या कुटात कालवला तेव्हा आई म्हणाली, "तिळकूट लावलेली पालेभाजी," आणि ओबाचान म्हणाल्या, "गोमाआए," आणि दोघींचं काम झालं. तीळ कुटायला सुरिबाची नावाचं मातीचं भांडं असतं, आतून खरखरीत रेघांचं. आईनं ते हातात घेऊन बराच वेळ बोटं फिरवली. गोबोचं मूळ पेन्सिल सोलल्यासारखं तासून तिळाच्या तेलावर लाल मिरची घालून परतलं, कमळाच्या मुळाच्या चकत्या केल्या. लाल भोपळ्याच्या फोडींच्या कडा सुरीनं जराशा गोल करून घेतात, म्हणजे शिजताना एकमेकींना घासून मोडत नाहीत. फोडी साल खाली ठेवून एका थरात लावायच्या, आणि पातेल्यापेक्षा लहान झाकण थेट भाजीवर ठेवायचं. मिरिन घालायची वेळ आली तेव्हा ओबाचाननीच बाटली बाजूला ठेवली. मिरिनमध्ये मद्य असतं, त्याऐवजी थोडी जास्त साखर.

काय आधी घालायचं याचा त्यांचा नियम मुळाक्षरांत बसवलेला आहे: सा, शी, सु, से, सो. साखर, मीठ, व्हिनेगर, सोया सॉस, मिसो, या क्रमानं. साखर मुरायला वेळ लागतो म्हणून ती पहिली, मिसोचा सुगंध उडतो म्हणून तो शेवटी. आईनं लगेच मोहरी, जिरं, हिंग, हळद असं बोटांवर मोजून दाखवलं. ओबाचाननी ते वहीत लिहून घेतलं.

मुलगी मात्र कंटाळली होती. तिला करी-राइस हवा होता, शाळेत मिळतो तसा. ही जपानी करी मेइजी काळात इंग्रजांमार्फत इकडं आली, म्हणून ती आपल्याला ओळखीची वाटत नाही. (शिंजुकूच्या नाकामुराया दुकानात 1927 पासून मिळणारी 'इंडियन करी' वेगळी. ती क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्यामुळे आली, ते त्या घरचे जावई.) वड्या तर आता घरात नव्हत्या. मग मी लोण्यात मैदा तांबूस होईपर्यंत भाजला, करी पावडर घातली, बटाटा, गाजर, कांदा कोम्बूच्या दाशीत शिजवला, अर्धं सफरचंद किसून टाकलं. आईनं चव घेतली. "आमटी आहे की खीर?" आणि न विचारता चमचाभर गोडा मसाला टाकला. मुलीनं दोन वाट्या खाल्ल्या, आणि वर सांगितलं की शाळेतली जास्त चांगली असते.

31 डिसेंबरला इथं सोबाच्या लांब शेवया खाऊन वर्ष संपवतात. ओबाचान एकट्या असतात. त्या रात्री त्या आमच्याकडे जेवल्या. कोम्बू-शिइताकेच्या रश्शात सोबा, वर कांदा-गाजराचं काकिआगे, म्हणजे खेकडा भजीची जपानी बहीण. आईनं भजी तळली, त्यामुळे त्यात ओवा होता. ओबाचाननी ओव्याबद्दल तीनदा विचारलं. जेवण्याआधी त्यांनी हात जोडून "इतादाकिमासु" म्हटलं. आईनं डोळे मिटून आपला श्लोक म्हटला. मी दोघींच्या मध्ये बसलो होतो, आणि आईनं माझ्या हातची वाटी घेतली. त्या दिवसापर्यंत ती दाशी स्वतः किंवा ओबाचानच गाळत असत.

फेब्रुवारीत ती परत गेली. बॅगेत भाजणीच्या जागी कोम्बूच्या पट्ट्या. फलटणला गेल्यावर तिनं फडावरच्या बुवांना विचारलं, समुद्रातलं शेवाळ एकादशीला चालतं का? बुवा म्हणाले, शास्त्रात उल्लेख नाही, विचार करून सांगतो. अजून सांगितलेलं नाही. तोवर ती एकादशी सोडून बाकीच्या दिवशी करते, हुलग्याच्या कढणातही कोम्बूचं पाणी घालते म्हणे.

गेल्या महिन्यात मिसो पाठवायचा म्हणून दुकानातून व्हिडिओ कॉल केला. "हा चालेल ना?" मी डबा दाखवला.

"मागची बाजू दाखव," आई म्हणाली. "आणि वाच. सगळं वाच."

मी दुकानाच्या मधोमध उभा राहून वाचायला लागलो. सोयाबीन, तांदूळ, मीठ.

"पुढं?"

"पुढं काही नाही, आई."

"परत एकदा वाच."