पोहण्याचा पोशाख घेताना

पाचवी-सहावीपर्यंत धडाधड उड्या मारणाऱ्या मुली पुढे तलावाच्या काठावरच बसून राहतात. आम्ही शिक्षिकांनी विचारलं की म्हणतात, "टीचर, अंग दिसतं." अंगाने भरलेल्या त्यांच्या अम्मींचंही तेच. फक्त महिलांची बॅच असली, तरी ही लाज जात नाही.

मग घरचा सुती सलवार-कमीज घालून उतरतात. तो पाणी पिऊन जड होतो, पायात येतो आणि वर आल्यावर अंगाला चिकटतो. लपवायचं तेच दिसतं! त्यापेक्षा नायलॉन किंवा पॉलिस्टरचं, थोडं ताणणारं कापड बरं. लेबनॉनमध्ये जन्मलेल्या, ऑस्ट्रेलियात वाढलेल्या अहेदा झनेटी यांनी २००४ मध्ये बुर्किनी तयार केली. हिजाबमध्ये नेटबॉल खेळताना भाचीची होणारी अडचण पाहून त्यांना ती कल्पना सुचली.

लाजेपोटी दोन नंबर मोठा पोशाख घेऊ नका, पाण्यात तो फुगून वर चढतो. कुडता आतून विजारीला बांधायच्या नाड्या आहेत का, पाहा. घालून नुसतं आरशासमोर उभं राहू नका. हात वर करा, वाका, उकिडवं बसा. रंग गडद घ्या. तलावाचे नियमही आधी विचारा. पोहून आल्यावर पोशाख साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा, नाहीतर क्लोरीनने ताण लवकर जातो.