पुरुषांचे काम ठरवले कोणी?

इंजिन, लेथ, वेल्डिंग ही पुरुषांची कामे, असे आपण धरून चालतो. पण साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ साली रेल्वेत सहाय्यक चालक झाल्या आणि २०२५ मध्ये निवृत्त होईपर्यंत मालगाडीपासून वंदे भारतपर्यंत गाड्या चालवून गेल्या. भरतीत स्त्री-पुरुष भेद नको, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच सांगितले होते. तरीही माझी थोरली बहीण आय.टी.आय.तून फिटर होऊन घरीच आहे. कारखानदार विचारतात, “रात्रपाळीचे काय?” उत्तर अवघड नाही: स्वतंत्र स्वच्छतागृह, घरी पोचवायला गाडी, आणि एकटीला न घेता दोघी-तिघींना एकदम घेणे. मालकांनी मुलीच्या हाती कानस द्यावी, घासलेला जॉब गुण्याला लावून पाहावा. गुण्या कोणाची भीड धरत नाही!