गिरणींत कृत्रिम बुद्धि : तज्ज्ञ नेमण्यापूर्वीं

सांप्रत भिवंडी तालुक्यांतील शेतकरी हा केवळ शेतकरी राहिलेला नाहीं. कोणाची भाताची गिरणी आहे, कोणीं काल्हेर-माणकोलीच्या बाजूस जमिनीवर गुदामें बांधून तीं भाड्यानें दिलीं आहेत, कोणाच्या घरामागें आठ-दहा यंत्रमाग खडखडत असतात, तर कोणी भेंडी-काकडी रात्रीं टेंपोंत भरून पहांटे वाशीच्या बाजारांत पोंचवितो. अशा जोडधंदेवाल्या शेतकऱ्याच्या ओटीवर गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवा पाहुणा येऊन बसूं लागला आहे. त्याच्या हातीं लॅपटॉप असतो आणि ‘तुमच्या धंद्यांत एआय बसवून देतों’ असें त्याचें म्हणणें असतें. एआय म्हणजे कृत्रिम बुद्धि. हा पाहुणा भरींव किती व पोकळ किती, हें ओळखावें कसें, अशी विचारणा कित्येक सभासदांनीं आमच्याकडे केली आहे. आम्हीं स्वतः या बाबतींत एकदां ठेंच खाल्ली असल्यामुळें उत्तर देण्याचा थोडासा अधिकार आम्हांस पोंचतो, असें वाटतें.

आमच्या संस्थेची भाताची गिरणी आहे. दिवाळीनंतर नवें भात येऊं लागलें म्हणजे सभासद गोणी घेऊन येतात, वजन होतें, चिठ्ठी फाटते, आणि तांदूळ, कणी व कोंडा यांचा हिशेब मुनीमजींच्या वहींत चढतो. त्या दोन महिन्यांत ‘माझें भात केव्हां भरडणार’, ‘कोलमचा भाव काय’ असे प्रश्न मोबाइलवर रात्रंदिवस येत असतात. मुनीम एक आणि विचारणारे शंभर. म्हणून बाहेरगांवच्या एका तज्ज्ञास आम्हीं काम दिलें. व्हॉट्सअ‍ॅपवर यंत्रच उत्तरें देईल, आणि चिठ्ठीचें छायाचित्र घेतांच आंकडे आपोआप वहींत चढतील, असें ठरलें. ठरलें म्हणजे तोंडीं ठरलें. निम्मी रक्कम आगाऊ दिली.

पहिले आठ दिवस कौतुकांत गेले. पुढें एके दिवशीं वाड्याकडील एक व्यापारी तांदूळ न्यावयास आला व त्यानें आपला मोबाइल आमच्यापुढें केला. आमच्या गिरणीच्या नांवानें यंत्रानें त्यास असा भाव कळविला होता, कीं जो आम्हीं त्या हंगामांत कधीं लाविलाच नव्हता. चौकशी करतां समजलें, कीं यंत्राजवळ भावाचें कोष्टक कोणीं दिलेंच नव्हतें. गिरणीच्या नांवानें शब्द गेला तो गेला, म्हणून आम्हीं त्याच भावानें माल घातला व खोट सोसली.

याहून मोठी खोट पुढें होती. यंत्र बंद करा, असें कळविल्यावर ध्यानांत आलें, कीं तें खातें, त्याचा सांकेतिक शब्द आणि त्यांतील सारी माहिती तज्ज्ञाच्या स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर नोंदलेली आहे. ओटीपी त्याच्याकडे जाई. सभासदांचीं नांवें, त्यांचे क्रमांक, कोणाचें किती भात आलें, सर्व त्याच्या कुलपांत. तो दुसऱ्या कामावर गेला होता व उरलेली रक्कम हातीं पडल्यावांचून बोलावयास तयार नव्हता. ऐन हंगामांत तीन आठवडे सभासदांचे निरोप आम्हांस वाचतांहि आले नाहींत. अखेर रक्कम भरली, तेव्हां क्रमांक परत मिळाला. चिठ्ठ्यांची माहिती मात्र नुसत्या छायाचित्रांच्या रूपानें आली, जिची बेरीज कोणासहि करतां येईना. त्या वर्षीं सभासदांचा हिशेब चुकता झाला तो एकाच कारणानें. वही बंद करा, असें आम्हीं मुनीमजींस बजावलें होतें, आणि त्यांनीं आमची आज्ञा मोडून ती रोज रात्रीं लिहिणें चालूच ठेविलें होतें.

हें यंत्र चुकलें तें कां, हें समजून घेण्याजोगें आहे. अफाट लिखाण वाचवून त्यास एकच गोष्ट शिकविलेली असते, ती ही, कीं मागील शब्दांवरून पुढील शब्द कोणता संभवतो तें सांगणें. म्हणून त्याची भाषा सफाईदार असते, आणि ठाऊक नसलेली गोष्टहि तें ठाऊक असल्याच्या थाटांत सांगतें. भाव, वजन, तारीख व येणें-देणें या गोष्टी त्यानें आमच्या कोष्टकांतूनच वाचाव्या आणि कोष्टकांत नसेल तें मनुष्याकडे सोपवावें, अशी बांधणी मुद्दाम करावी लागते. एवढें करूनहि अधूनमधून तपासणी लागतेच. आपलें यंत्र कधीं चुकत नाहीं, असें जो तज्ज्ञ सांगेल, त्यास चहा पाजून निरोप द्यावा.

बाहेरच्या मंडळीस काम कसें द्यावें, याचा एक मोठा दाखला भिवंडीच्याच अंगावर घडलेला आहे. येथील वीजवितरण महावितरणनें २००७ च्या जानेवारींत टोरेंट पॉवर या कंपनीकडे फ्रँचायझीच्या रीतीनें सोंपविलें. त्यापूर्वीं गळती, चोरी व थकबाकी मिळून निम्म्याहून अधिक विजेचा पैसा हातीं येत नव्हता. करारांतील खुबी अशी, कीं शहरांत जेवढी वीज शिरेल तेवढीचे पैसे कंपनीनें ठरलेल्या दरानें महावितरणला द्यावयाचे. मग आंत जी गळती होईल ती कंपनीच्या माथीं, आणि जी थांबेल तिचा लाभ कंपनीस. पुढें हानि पुष्कळच उतरली. बिलांविषयीं गांवांत दोन्ही बाजूंनीं तावातावानें बोलणारे आहेत, तो वाद येथें नको. आमचें लक्ष इतक्याच गोष्टीवर आहे, कीं काम सुरू होण्यापूर्वीं मोजमापाची जागा ठरली होती आणि यशापयश मीटरवर दिसणार होतें. आम्हीं आमच्या तज्ज्ञाशीं असलें कांहींच ठरविलें नव्हतें. ‘काम सोपें होईल’ हें कोणत्या मीटरवर मोजावयाचें?

बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें उसासाठीं कृत्रिम बुद्धीचा प्रयोग केला, तो सर्वांस ऐकून ठाऊक आहे. मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांसारखे थोर भागीदार तेथें होते. तरीहि प्रयोग आधीं संस्थेच्या स्वतःच्या प्रक्षेत्रावर झाला व शेतकऱ्यांच्या शेतांवर नंतर गेला. राज्य मंत्रिमंडळानें २०२५ च्या जूनमध्यें महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर करून त्यासाठीं ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरविली आहे. पैसा आला म्हणजे तज्ज्ञांचें पीकहि तरारून येईल, आणि त्यांत तण असेलच.

दुसऱ्या खेपेस आम्हीं ठाण्याच्या एका बाईंस बोलाविलें. त्यांनीं पहिले दोन दिवस लॅपटॉप उघडलाच नाहीं. गिरणींत काट्याजवळ खुर्ची टाकून बसल्या, कोण काय विचारतो तें टिपून घेतलें, आणि मुनीमजींची वही पानोपान चाळली. आम्हांस डॉ. हॅरोल्ड मॅन यांची आठवण झाली. पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे हे प्राचार्य मूळचे रसायनशास्त्री व परके. पण दख्खनच्या शेतीविषयीं मत देण्यापूर्वीं त्यांनीं पिंपळे सौदागर या गांवाची घरोघर पाहणी केली, जमिनीचे तुकडे व कर्ज मोजलें, आणि १९१७ सालीं तें पुस्तकरूपानें छापलें.

तिसऱ्या दिवशीं बाईंनीं सांगितलें, कीं तुमच्या प्रश्नांपैकीं निम्मे ‘माझा क्रमांक केव्हां’ एवढेच आहेत, त्यांस बुद्धि कशाला हवी? सकाळीं सात वाजतां त्या दिवसाचे क्रमांक सर्वांस पाठवा. त्याप्रमाणें केलें आणि निम्मे निरोप थांबले. आपला मेहनताना कमी करणारा सल्ला तज्ज्ञ देतो तेव्हां त्याचें पुढील बोलणें विश्वासानें ऐकावें, असें आम्हांस वाटतें.

उरलेल्या कामासाठीं त्यांनीं आमचेच जुने निरोप मागितले. त्यांत मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलेली, भिवंडीच्या व्यापाऱ्यांची उर्दूमिश्रित हिंदी, आणि आगरी बोलींत ध्वनिमुद्रित करून पाठविलेले सवालहि होते. नमुन्याच्या शुद्ध मराठींत यंत्र पास होतें. परीक्षा घ्यावयाची ती आपल्याच गिऱ्हाइकांच्या भाषेंत. लिखित निरोप बहुतेक समजले. आगरी आवाज पुष्कळ ठिकाणीं चुकला, म्हणून ते निरोप अजून मनुष्यच ऐकतो. भावाचें उत्तर यंत्र तयार करून ठेवतें व मुनीमजींनीं बोट लाविल्यावांचून तें बाहेर जात नाहीं.

करार या वेळीं कागदावर केला. क्रमांक, खातें व सांकेतिक शब्द संस्थेच्या नांवें, ओटीपी संस्थेच्या मोबाइलवर. सर्व माहिती दर शनिवारीं साध्या कोष्टकाच्या रूपानें आमच्या संगणकावर उतरावयाची, म्हणजे तज्ज्ञ बदलला तरी वही आपल्याजवळ राहते. मेहनताना तीन टप्प्यांत, त्यांतील अखेरचा एक हंगाम पार पडल्यावर. बसवणुकीचा खर्च निराळा व दरमहाचा निराळा लिहून घेतला. हीं यंत्रें जितका मजकूर वाचतात-लिहितात तितकें भाडें मूळ कंपनी घेते, त्यामुळें हंगामांत बिल फुगतें. तें किती फुगूं द्यावयाचें याचीहि मर्यादा घातली. सभासदांची माहिती अन्य कोणास न देण्याचें कलम त्यांत आहे, आणि तें केवळ शिष्टाचाराचें नाहीं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची बंधनें टप्प्याटप्प्यानें लागू व्हावयाचीं असून, त्यांप्रमाणें माहिती कोणत्या कामासाठीं वापरावयाची हें जो ठरवितो, जबाबदारी त्याची. तज्ज्ञाकडे बोट दाखवून गिरणीवाल्यास सुटतां येत नाहीं.

मुनीमजी अद्याप रात्रीं वही लिहितात आणि यंत्राच्या बेरजेशीं ताडून पाहतात. गेल्या हंगामांत दोनदां फरक निघाला. एकदां यंत्रानें धूसर छायाचित्रांतील सातास एक वाचलें होतें, आणि एकदां चूक मुनीमजींची होती, जी त्यांनीं तांबड्या शाईनें दुरुस्त केली. कराराचा मसुदा संस्थेच्या कचेरींत ठेविला आहे. ज्या सभासदांस नक्कल हवी असेल त्यांनीं गिरणीच्या वेळांत येऊन न्यावी.