मॉरिशसची वाट

मॉरिशसचे नाव आता आमच्या देवळ्यासारख्या तालुक्याच्या गावीही सहज कानी पडते. नवपरिणीत जोडपी तिकडे जातात, आठवड्याने परततात आणि समुद्र फार निळा होता एवढे सांगून छायाचित्रे दाखवू लागतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु ज्या बेटावर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मराठी माणसे घरात गणपती बसवीत आली आहेत, तेथून त्यांपैकी एकाचीही भेट न घेता परत यावे, हे थोडे चमत्कारिकच नव्हे काय? काकांच्या गावी जाऊन धर्मशाळेत उतरावे, तसे हे झाले. म्हणून सहकुटुंब जाऊ इच्छिणाऱ्यांनी कसे जावे, कसे फिरावे आणि कोणास भेटावे, याविषयी चार शब्द लिहीत आहे.

प्रथम या दोन भूमींचे नाते सांगतो. ते माणसांहूनही जुने आहे. चांदवड ओलांडून भावडबारीने देवळ्याकडे उतरताना जो काळा कातळ दिसतो, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून उसळलेल्या लाव्ह्याचा. भूगर्भशास्त्रज्ञांचे बहुमान्य मत असे की, तो लाव्हा ज्या उष्णस्थानातून आला, त्याच्यावरून भारताची भूमी उत्तरेस सरकत गेली. आणि पुढे, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी, त्याच उष्णस्थानाने मॉरिशस बेट घडविले. तेथील उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग मनोऱ्यांसारखे रचलेले दिसतात. आमच्या गिरणाकाठी लोहोणेर-विठेवाडीच्या शिवारात ऊस पाहिलेल्या माणसास ऊस नवा वाटणार नाही. पण ते ढीग पाहून तो थबकेल. शेत मोकळे करण्यासाठी ते दगड उचलून रचणाऱ्यांत आपल्याकडून नेलेले मजूरही होते.

1834 साली 2 नोव्हेंबर रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाज हिंदी मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात लागले. गुलामगिरी बंद होणार, म्हणून मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते. त्यानंतरच्या सुमारे नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे कराराने बांधून या बेटावर आणली गेली. बहुसंख्य कलकत्त्याहून निघालेली, बिहारकडील, काही मद्रासेहून, आणि तुलनेने थोडी मुंबई बंदरातून. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडी या बाजूंचे शेतकरी पुष्कळ होते. आपल्यासारख्या घरांतून समुद्रगमनाचे प्रायश्चित्त घ्यावे की न घ्यावे, याचा काथ्याकूट पुढे कित्येक वर्षे चालला. कोकणातल्या या कुणबी-मराठ्यांना कोणी तसे विचारलेही नाही. शिडाच्या जहाजात कित्येक आठवडे काढून ते तेथे पोहोचले, आणि त्यांपैकी बरेचसे परत आले नाहीत.

आजचा मार्ग सुखाचा आहे. देवळ्याहून नाशिक, नाशिकहून रेल्वेने अथवा मोटारीने मुंबई आणि मुंबईहून थेट विमान. सुमारे पावणेपाच हजार किलोमीटरांचे अंतर सहा-साडेसहा तासांत संपते. घड्याळ दीड तास मागे करावे लागते. भारतीय प्रवाशास पर्यटनासाठी आधी परवाना काढण्याची यातायात नाही. तो विमानतळावर विनाशुल्क मिळतो. मात्र परतीचे तिकीट, राहण्याच्या ठिकाणाचा कागद व खर्चापुरते पैसे दाखविता आले पाहिजेत, आणि आगमनाचा अर्ज संगणकावर अगोदर भरून ठेवावा लागतो. घरातील वडीलधाऱ्यांचे अर्ज मुलांनी निघण्यापूर्वीच भरावेत. विमानतळाच्या रांगेत आजोबांना जन्मतारीख आठवावयास लावू नये.

बेट लहान आहे. नाशिक जिल्ह्याचे आठ भाग केले, तर त्यांतल्या एका भागाएवढे. त्यामुळे एकाच ठिकाणी बिऱ्हाड ठेवून चोहीकडे फिरता येते, आणि लहान मुले व म्हातारी माणसे बरोबर असता तेच श्रेयस्कर. वाहने आपल्याप्रमाणे रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. बसगाड्या स्वस्त असून बहुतेक गावांना जातात. परंतु खेडेगावांकडच्या गाड्या संध्याकाळी लवकर बंद होतात, हे नवख्याच्या ध्यानी येत नाही. दिवेलागणीच्या आत मुक्कामी परतण्याचा बेत असावा, नाही तर भाड्याच्या मोटारीवाल्याशी घासाघीस करण्याची पाळी येते. हे भाडे बसण्यापूर्वीच ठरवावे. 2020 पासून पोर्ट लुई ते रोज हिल विजेची आगगाडी सुरू झाली. पुढे ती 2022 मध्ये क्यूरपिपपर्यंत गेली आणि 2023 मध्ये तिचा एक फाटा रेद्वीकडे निघाला. ती बांधली आपल्या लार्सन अँड टुब्रोने. पठारावरच्या गावांतून ती स्वच्छ, शांत धावते. वृद्धांना बसच्या हिसक्यांपेक्षा ती मानवते.

शाकाहारी कुटुंबास उपाशी राहावे लागत नाही. रस्तोरस्ती दालपुरीच्या गाड्या असतात. आत डाळीचे सारण भरलेली ती मऊ पोळी पाहून आपल्या बायकांना पुरणपोळी आठवते. गुळाऐवजी मीठ आणि वर घेवड्याची भाजी व चटणी, इतकाच फरक. ‘गातो पिमां’ असे फ्रेंच नाव धारण करणारा पदार्थ तोंडात टाकताच आपला डाळवडा निघतो. मात्र भाजीत मासळीचा अंश नाही ना, हे प्रत्येक ठिकाणी विचारून घ्यावे.

पाहण्याची स्थळे प्रवासी-पुस्तकांत दिलेली असतातच. पांपलमूसच्या बागेतली परातीएवढाल्या पानांची कमळे आणि गंगा तलाव ही दोन तर कोणी चुकवीत नाही. मी आग्रह धरीन तो पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाचा. 2006 साली युनेस्कोने त्यास जागतिक वारशात स्थान दिले. बोटीतून उतरलेले मजूर ज्या दगडी पायऱ्या चढून गेले, त्या तेथे आहेत. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या नोंदवह्या जपल्या आहेत: नाव, बापाचे नाव, जात, गाव, जहाज, आणि पुढील काळातल्या काहींची छायाचित्रेही. तेथली मराठी कुटुंबे या वह्यांतून आपले मूळ गाव हुडकतात. पण लिहिणारा कारकून परका, सांगणारा निरक्षर. गावाचे नाव कसेबसे उमटलेले. खापरपणजोबांचे पाळण्यातले नाव तेवढे आज कुटुंबाचे आडनाव होऊन बसले आहे, आणि खरे आडनाव कोठे गेले याचा पत्ता नाही. असा एखादा मनुष्य तुम्हांस कागद दाखवून ‘हे गाव कोठे?’ असे विचारील. कोकणाची माहिती असलेला एखादा वडील माणूस बरोबर असला, तर त्याच्या एका शब्दाने त्या घरावर केवढे उपकार होतील!

या लोकांची घरची बोली आता क्रिओल आहे. मराठी उरली ती आरत्यांत, लग्नविधीत आणि शाळेच्या वर्गात. प्राथमिक शाळांतून मुलांना ती ऐच्छिक विषय म्हणून शिकवितात. भाद्रपदात रात्र रात्र ‘झाकरी’ चालते. कोकणातील जाखडीच ती. गाणाऱ्या तरुणाला प्रत्येक शब्दाचा अर्थ कळतोच असे नाही, पण ठेका चुकत नाही. 1896 साली हेन्रिएटा गावी पहिला गणपती बसला असे तेथे सांगतात. आज गणेशोत्सवाची त्या देशात सार्वजनिक सुटी असते, आणि ती चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जनासाठी. त्या दिवशी कास्कावेलसारख्या मराठी वस्तीच्या गावांतून मिरवणुका पाण्याकडे निघतात.

म्हणून जावे ते भाद्रपदातच, असे माझे स्पष्ट मत आहे. तेव्हा तिकडे हिवाळा सरत आलेला असतो. हवा कोरडी व सौम्य असते. जानेवारी ते मार्चमधील चक्रीवादळांची धास्ती नसते. यावर आमच्या घरातला आक्षेप सांगतो, कारण तो तुमच्याही घरात निघेलच: घरच्या गणपतीचे काय? वहिनींनी हा प्रश्न घातला, तेव्हा सारे बैठकघर गप्प झाले. तोड निघाली ती अशी की, चार भावांच्या कुटुंबात एका वर्षी दोघांनी जावे, दोघांनी पूजा सांभाळावी. पुढच्या वर्षी पाळी उलटावी. एकत्र कुटुंबाचा एवढा तरी उपयोग व्हावयास हवा!

जाण्यापूर्वी तेथील मराठी संस्थांना पत्र पाठवावे. पाहुण्याने आरतीस येऊ का असे विचारले, तर नकाराची भीती नाही. तेथे गेल्यावर मुलांशी सावकाश, सोपे मराठी बोलावे आणि त्यांचे उच्चार ऐकून हसू नये. एवढ्याशा हसण्याने तेरा वर्षांचे पोर मराठीचा वर्ग सोडून फ्रेंचकडे वळू शकते. सामानात फराळाबरोबर मोठ्या टायपातील गोष्टींची पुस्तके व आरतीसंग्रह असू द्यावा. तुळशीचे रोप किंवा बी मात्र कोणी कितीही मागितले तरी नेऊ नये. परवान्यावाचून रोपे-बियाणे नेण्यास तेथे मनाई आहे, आणि ती विमानतळावरच काढून घेतात.