खुर्ची मिळाली, पण संगणक बोलेना!

महिन्याभरापूर्वी एका तालुक्याच्या गावी सरकारी कचेरीत जाण्याचा योग आला. दाखल्याचे काम होते. तेथे माझ्या परिचयाचा एक तरुण लिपिक आहे. जन्मापासून दृष्टिहीन. वस्तीतल्या मुलांबरोबर शिकला, एम. ए. झाला, स्पर्धा परीक्षा दिली आणि दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या जागेवर लागला. त्याच्या नेमणुकीचे पेढे आम्ही सर्वांनी खाल्ले होते. त्या दिवशी मात्र तो खिडकीजवळच्या टेबलाशी हात बांधून बसलेला दिसला. समोर संगणक चालू होता. "काय रे, आज काम नाही का?" असे मी सहज विचारले. तो म्हणाला, "दादा, पगार मिळतो, काम मिळत नाही."

या एका वाक्यात आजच्या कार्यालयीन व्यवस्थेचा सारा खोटेपणा सामावलेला आहे.

हा तरुण संगणक चालवू शकत नाही, असे नाही. तो पडदावाचक, म्हणजे स्क्रीन रीडर वापरतो. पडद्यावरचा मजकूर हे सॉफ्टवेअर मोठ्याने वाचून दाखवते आणि दृष्टिहीन माणूस माऊसला हात न लावता केवळ कळफलकावर सर्व कामे उरकतो. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली एनव्हीडीए नावाचा असा पडदावाचक तयार करायला सुरुवात केली. जेम्स तेह हा त्याचा सहकारीही दृष्टिहीनच. महागडा पडदावाचक विकत घेणे गरीब दृष्टिहीनांच्या आवाक्यात नसते, म्हणून त्यांनी तो फुकट ठेवला. आज तो मराठीही वाचतो. आमच्या या लिपिकाने त्याच्याच बळावर दोन वर्षे टिपण्या लिहिल्या, पत्रे तयार केली, आवक-जावक सांभाळली.

मग कार्यालयात फायलींचे नवे सॉफ्टवेअर आले. तेव्हापासून त्याच्या कानावर एकच शब्द पडतो, "बटन… बटन… बटन…" कोणते बटन? मंजुरीचे की परत पाठवण्याचे? जतन करण्याचे की खोडण्याचे? डोळस माणसाला तेथे चित्र दिसते, पण त्या चित्रामागे नावच लिहिलेले नाही, तर पडदावाचक वाचणार काय? तारीख निवडायची तर माऊसनेच निवडावी लागते. आत जाताना वाकडीतिकडी अक्षरे ओळखून टाइप करा असा हुकूम येतो. आणि फाईल कशीबशी उघडलीच, तर तिला जोडलेला कागद म्हणजे स्कॅन केलेला फोटो! डोळस माणसाला तो कागद आहे, पडदावाचकाला ती कोरी भिंत आहे.

मराठीत तर याहून वेगळा एक घोळ आहे. वर्षानुवर्षे आपल्या कचेऱ्यांतून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकन झाले. या फॉन्टमध्ये पडद्यावर "आदेश" दिसतो, परंतु संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. पडदावाचक पोटातले वाचतो, चेहरा पाहत नाही. त्यामुळे मराठी आदेश ऐकू जाताच इंग्रजी अक्षरांची निरर्थक खिचडी कानावर आदळते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच स्थान मिळाले होते. तीस वर्षे उलटून गेल्यावरही जुन्या फॉन्टमधला कागद टेबलावरून टेबलावर फिरत असेल, तर तो तंत्रज्ञानाचा दोष म्हणता येणार नाही. तो बेपर्वाईचा दोष आहे!

ही गोष्ट केवळ दृष्टिहीनांची नाही. साहेब संगणकावर बैठक घेतात, पण खाली बोलण्याचा मजकूर उमटत नाही. मग कर्णबधिर कर्मचारी नुसती तोंडे हलताना पाहतो. ज्याचे हात थरथरतात त्याला इवल्याशा चौकोनावर माऊस नेमका ठेवता येत नाही. ज्याला रंग ओळखता येत नाहीत त्याला "लाल रकाने भरा" ही सूचना निरुपयोगी. ज्याला वाचायला जास्त वेळ लागतो त्याचा अर्ज पाच मिनिटांत बंद पडतो आणि भरलेले सारे पुसले जाते. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे हजेरीचे यंत्र घेत नाही. तो कामावर हजर असतो, पण यंत्राच्या लेखी गैरहजर!

अशा वेळी सहकारी काय म्हणतात? "कोट्यातून आलाय, फुकटचा पगार खातोय." हे वाक्य या दैनिकाच्या वाचकांना नवे नाही. आपल्या आयाबापांनी ते वेगळ्या कारणाने ऐकलेले आहे. आधी माणसाच्या हाताला काम मिळू द्यायचे नाही आणि मग त्याला अकार्यक्षम ठरवायचे, ही चाल जुनीच आहे. वर्षाअखेर त्याच अकार्यक्षमतेचा शेरा गोपनीय अहवालात जातो. पदोन्नती अडते. दोष सॉफ्टवेअरचा आणि शिक्षा माणसाला!

२०१५ सालाच्या अखेरीस पंतप्रधानांनी "विकलांग"ऐवजी "दिव्यांग" म्हणा असे सुचवले आणि सरकारी पाट्या बदलल्या. नाव गोड आहे. परंतु ज्यांना एकेकाळी "हरिजन" म्हणून गौरवण्यात आले, त्यांना गोड नावाची किंमत पुरेपूर ठाऊक आहे. देवाचे नाव दिले म्हणून पाणवठा खुला होत नसतो. दिव्य अंग म्हटले म्हणून संगणक बोलू लागत नसतो.

आणि हक्क कागदावर असणे म्हणजे हक्क हातात असणे नव्हे, हे महाडने आपल्याला शिकवले आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरी तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. मधल्या काळात ठराव होता, पाणी नव्हते. आज दिव्यांग कर्मचाऱ्याच्या बाबतीत हेच चालू आहे. कायदा आहे, काम नाही.

कायदा काय म्हणतो ते नीट पाहू. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखीव केल्या. त्याच्या जागी आलेला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले आणि राखीव जागा चार टक्क्यांवर गेल्या. परंतु हा कायदा जागा देऊन थांबत नाही. कलम २० प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयीसुविधा आणि अडथळामुक्त वातावरण दिलेच पाहिजे. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून कोणालाही काढता येत नाही. कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण प्रसिद्ध करायचे आहे. कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आहे. कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर दिव्यांगांना वापरता येईल असा ठेवायला सांगते. कायदा मोडला तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि त्यानंतर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड आहे.

सर्वोच्च न्यायालयानेही आता गुळमुळीत भाषा सोडली आहे. राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) बेकायदा ठरवला. कायदा "केलेच पाहिजे" म्हणतो आणि नियम मात्र "केले तर बरे" अशा थाटात लिहिलेला, हे चालणार नाही, असा त्याचा अर्थ. सक्तीचे नियम करायला सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली गेली. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. त्या खटल्यात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया होत्या. बँकेच्या संगणकीय ओळख तपासणीत पापणी लवून दाखवा असे म्हणतात. ॲसिडने ज्यांच्या पापण्याच जाळल्या त्यांनी जिवंत असल्याचा पुरावा कसा द्यायचा? सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हा माणूस आलाच नव्हता. बहिष्कार नेहमी काठी घेऊन येत नाही, कधी कधी तो नुसता विसर पडण्यातून येतो.

"पण याला खर्च किती येईल?" असा प्रश्न लगेच पुढे केला जातो. घर बांधतानाच उतार ठेवला तर फारसे काही लागत नाही, बांधून झाल्यावर पायऱ्या फोडायच्या तर खर्च येतो. सॉफ्टवेअरचे तसेच आहे. बटनाला नाव देणे, कळफलकाने सर्व कामे होतील अशी रचना करणे, अक्षर आणि पार्श्वभूमी यांत पुरेसा फरक ठेवणे, वेळ वाढवून मागण्याची सोय देणे, यांत चंद्रावर जाण्याची विद्या नाही. या सर्वांचे जागतिक मापदंड १९९९ सालापासून प्रसिद्ध आहेत आणि वेळोवेळी सुधारले गेले आहेत. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानकही आहे. अमेरिकेत सरकारी खात्यांनी घ्यायची संगणकीय साधने दिव्यांग कर्मचाऱ्यांना वापरता आली पाहिजेत, असा कायदा १९९८ सालीच कडक करण्यात आला. कारण साधे आहे. सरकार हे सर्वांत मोठे गिऱ्हाईक असते. गिऱ्हाईकाने अट घातली की दुकानदार माल सुधारतो.

आणि यात भले केवळ दिव्यांगांचेच होते असेही नाही. टंकयंत्राच्या इतिहासात इटलीच्या पेलेग्रिनो तुर्री याचे नाव घेतले जाते. १८०८ च्या सुमारास त्याने एका दृष्टिहीन स्त्रीला स्वतःची पत्रे स्वतः लिहिता यावीत म्हणून यंत्र बनवले होते. आज ज्या कळफलकावर साऱ्या जगाचा कारभार चालतो, त्याच्या पूर्वजांत एका दृष्टिहीन स्त्रीसाठी घडवलेले यंत्र आहे. तिच्यासारख्यांनाच आज कळफलकापासून दूर ठेवले जाते, हा केवढा अन्याय!

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. पहिली, कोणतेही कार्यालयीन सॉफ्टवेअर विकत घेताना निविदेतच सुगम्यतेची अट असावी आणि ती पूर्ण झाल्याशिवाय बिल निघू नये. दुसरी, दिव्यांग कर्मचाऱ्यांनी स्वतः वापरून पाहिल्याशिवाय सॉफ्टवेअर लागू करू नये. ज्याचा पाय पोळतो त्यालाच वाट विचारली पाहिजे. तिसरी, प्रत्येक आदेश युनिकोडमध्ये, वाचता येईल अशा स्वरूपात निघावा, फोटो म्हणून नव्हे. चौथी, सॉफ्टवेअर सुधारेपर्यंत त्या कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात त्या कारणाने प्रतिकूल शेरा मारू नये.

हे मागायचे कोणी? दिव्यांगांनी एकट्याने का मागावे? मागासवर्गीय कर्मचारी संघटनांनी आपल्या मागणीपत्रात हा विषय घेतला पाहिजे. अनुशेष भरा ही मागणी आपण वर्षानुवर्षे करतो, ती योग्यच आहे. परंतु भरलेल्या जागेवरच्या माणसाला काम करता येते का, हेही तपासले पाहिजे. माहितीच्या अधिकारात एक साधा अर्ज करता येतो. आमच्या कार्यालयाचे सॉफ्टवेअर घेताना सुगम्यतेची चाचणी झाली होती काय? झाली असल्यास अहवालाची प्रत द्यावी. तक्रार निवारण अधिकारी कोण, त्याचे नाव कळवावे. तेथे दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येते.

परवा त्या तरुणाचा फोन आला होता. असाच अर्ज त्याने आपल्या कार्यालयात दिला आहे. अर्ज त्याने स्वतः टाइप केला, स्वतः वाचून तपासला. नव्या सॉफ्टवेअरमध्ये तो दाखल करता येईना, म्हणून आवक खिडकीवर जाऊन कागदावर पोच घेतली. उत्तर अजून आलेले नाही. "दादा, तीस दिवस मोजतोय," असे तो म्हणाला.

आपणही त्याच्याबरोबर मोजले पाहिजेत. कारण दान म्हणून काही मागावे, असा तो माणूस नाही. त्याला त्याचे काम हवे आहे!